शुक्रवारच्या कळा

सलग तीन शुक्रवारी, दुपारी साडेचार ते सहा या वेळात, मला प्रसूतीच्या कळा आल्या. शनिवार ते गुरुवार या काळात एकही आली नाही.

आता माझ्या तयारीविषयी. त्या वर्षी अल्जीअर्स शहरात माझ्याइतकी तयारी करून दुसरी कोणी बाई बाळंतपणाला सामोरी गेली नसेल, हे मी अभिमानाने नव्हे, मोजून सांगते. नैसर्गिक प्रसूतीवरची तीन जाडजूड पुस्तके मी वाचली. वाचली म्हणजे समासात टिपणे करत, आकडे पडताळत, शंका लाल शाईने आणि मान्य मुद्दे निळ्या शाईने अधोरेखित करत. पहिल्या पुस्तकात मला तर्काच्या अठरा चुका सापडल्या. त्या मी लेखिकेला पत्राने कळवल्या. उत्तर आले नाही. बहुधा ती बाळंत होत असावी!

मी भूकंपमापन केंद्रात काम करते. जमीन कुठे हलली, किती हलली आणि कशामुळे हलली, हे सांगणे हा माझा व्यवसाय आहे. जिला चारशे किलोमीटरवरच्या डोंगराची कुरकुर ऐकू येते, तिला स्वतःच्या पोटातली हालचाल ओळखता येणार नाही? छे!

या सगळ्या वाचनामागे एक कारण होते आणि ते गमतीचे नव्हते. माझी आई सांगायची की माझ्या वेळी ती एका खोलीत एकटी पडून होती आणि तिच्याशी कोणी एक शब्द बोलले नव्हते. "दुखण्याचं काही नाही गं," ती म्हणायची, "पण काय चाललंय तेच कळत नव्हतं." आई आता नाही. तिचे ते वाक्य आहे. मला इंजेक्शन नको होते, कात्री नको होती, आरडाओरडा नको होता. पण सर्वांत आधी, काय चालले आहे ते न कळणे नको होते.

तेव्हा रोज संध्याकाळी तालीम. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. कळ शिगेला पोहोचली की मेणबत्तीवर फुंकर घालावी तसे छोटे छोटे श्वास. पाठीवर टेनिसचा चेंडू फिरवायचा. नजर एका शांत चित्रावर खिळवायची. चित्रासाठी पुस्तकाने धबधबा, कमळ किंवा सूर्यास्त सुचवला होता. मी आमच्या केंद्रातला चौदा ऑक्टोबरचा आलेख निवडला. त्या दिवशी उत्तर अल्जीरियात काहीही हललेले नव्हते. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सरळ रेघ. इतके शांत चित्र मी दुसरे पाहिलेले नाही.

मोजण्याचे आणि चेंडूचे काम माझा नवरा मझियान याच्याकडे होते. मझियान शाळेत संगीत शिकवतो. त्यामुळे तो मोजण्यात चोख असेल, हे माझे पहिले चुकलेले अनुमान. चारपर्यंत ठीक चाले. सहाची वेळ आली की त्याच्या बोटांना लग्नाची वरात आठवे आणि चेंडू माझ्या मणक्यावर नाचू लागे.

"मझियान, मी बाळंत होणार आहे, नवरी होणार नाही!"

"अगं, सहाचा ठेकाच तसा आहे! आपोआप होतं!"

"आपोआप व्हायला तू काय हृदय आहेस?"

"नुवारा," तो हिरमुसून म्हणाला, "श्वास घे. तू ताल चुकतेस."

प्रसूतीला पाच आठवडे उरले तेव्हा सासूबाई, लल्ला तसादित, डोंगरातल्या गावाहून आल्या (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने लल्ला म्हणतात). सोबत कुसकुस, म्हणजे रव्याच्या बारीक कण्या, वाफवायचे स्वतःचे भांडे होते, कारण शहरातल्या भांड्यांना "वाफ कळत नाही". लल्लांना पाच मुले. पाचही घरी झाली. पाचव्याच्या वेळी त्या ऑलिव्ह वेचायला गेल्या होत्या आणि येताना एका हातात टोपली, एका हातात मझियान, अशा परतल्या. टोपली आधी खाली ठेवली, असे गावात अजून सांगतात.

लल्लांना वाचता येत नाही. त्यांनी माझे सर्वांत जाड पुस्तक उचलून, कलिंगड पारखावे तसे त्याचे वजन पाहिले.

"हे सगळं बाळंतपणावर? कोणी लिहिलंय?"

"एका बाईंनी."

"तिला मुलं किती?"

मी मलपृष्ठ पाहिले. "एक."

"एकावर एवढं?" लल्ला म्हणाल्या. "मग माझ्या पाचांचं तर कपाट होईल!"

मी हसले नाही. शास्त्रात उपहासाला उत्तर नसते, पुरावा असतो. मी त्यांना बसवून आहाराचे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवले आणि घरात लगेच लागू होणारे नियम सांगितले. दालचिनी बंद. जिरे बंद, त्याने कळा अकाली सुरू होण्याचा संभव (पुरावा क्षीण, पण मी सावध). पुदिन्याच्या चहात साखर निम्मी. भाज्या सालांसकट. चणेही सालांसकट, सोडा न घालता, भिजवलेल्या पाण्यातच शिजवायचे, कारण सत्त्व त्या पाण्यात असते. लोणी मोजून. पोटाला मेंदी लावायची नाही. उशीखाली मीठ ठेवायचे नाही. माझ्या पोटाकडे बघून मुलगा की मुलगी हे शेजारणींना सांगायचे नाही.

लल्लांनी काही बोलायला तोंड उघडले. मी पान एक्केचाळीस उघडून त्यांच्यापुढे धरले. जिला वाचता येत नाही तिच्यापुढे पान उघडून धरणे हा युक्तिवाद नव्हे, हे मला आज कळते.

"सगळं असंच करायचं?" त्यांनी पानाकडे बघत विचारले.

"असंच."

"बरं बाई. खाणार तू, बाळंत होणार तू."

त्या दिवसापासून शेगडीवर माझ्यासाठी एक छोटे भांडे वेगळे चढू लागले. सासूबाईंनी शास्त्रापुढे मान तुकवली, याचा मला केवढा आनंद झाला! मी तो वहीत नोंदवलाही.

मग पहिला शुक्रवार आला. मझियान नमाजाहून परतला, दोनच्या सुमाराला आम्ही भाज्या आणि चण्यांचा रस्सा घातलेला कुसकुस जेवलो, चहा झाला आणि साडेचारला माझे पोट पाट्यासारखे घट्ट झाले. मी घड्याळ पाहिले. सात मिनिटांनी पुन्हा. आणखी सात मिनिटांनी पुन्हा!

"सुरू झालं आहे," मी शांतपणे जाहीर केले.

शांतपणा तेवढ्यावरच संपला. मझियानने पिशवी, चेंडू, आलेख आणि काही कारण नसताना स्वतःचे वाद्य उचलले. तळमजल्यावरच्या बूजमाकाकांनी गाडी काढली. बूजमाकाका निवृत्त बसचालक. त्यांची गाडी माझ्याहून वयाने मोठी आणि स्वभावाने तापट. जिन्यात शेजारणी जमल्या आणि लग्नात करतात तसा जिभा नाचवून त्यांनी आनंदाचा असा गजर केला की आमच्या केंद्रातल्या यंत्रावर उमटला असता! लल्ला मागे राहिल्या. बाळ झाले की वाटायची तमिना करायची होती ना! रवा खमंग भाजायचा, त्यात लोणी आणि मध. त्याशिवाय आमच्याकडे मूल जन्मल्याचे कोणी मानत नाही.

सूतिकागृहात हसीबा नावाच्या सुईणबाई होत्या. उंच, करड्या आवाजाच्या. त्यांनी मला चार मिनिटांत तपासले.

"काही नाही. घरी जा."

"पण अंतर सात मिनिटांचं आहे! माझ्याकडे नोंदी आहेत."

त्यांनी माझी वही पाहिली. पान उलटले. "अक्षर सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "घरी जा."

सहाच्या ठोक्याला कळा थांबल्या. घरी आलो तर इमारतीतल्या सतरा बिऱ्हाडांत तमिना वाटून झाली होती. पाहुणा आलाच नव्हता आणि पाहुणचार संपला होता!

दुसऱ्या शुक्रवारी, साडेचारला, पुन्हा तेच. पुन्हा बूजमाकाका, पुन्हा गजर (जरा कमी), पुन्हा तमिना (तेवढीच).

"आज काय जेवलात?" हसीबाबाईंनी विचारले.

"शुक्रवारी काय जेवतात?"

"तेही खरंच," त्या म्हणाल्या आणि प्रश्न तिथेच मिटला.

मीही यावर विचार केला होता. शुक्रवारी दुपारी अख्खा देश कुसकुस जेवतो. अख्ख्या देशाला कळा येत नाहीत. सबब कुसकुस हे कारण असू शकत नाही. इतका निर्दोष तर्क मी आयुष्यात थोड्याच वेळा केला आहे!

मग शुक्रवारी आणखी काय घडते, याची मी यादी केली आणि तिसऱ्या शुक्रवारी रीतसर प्रयोग मांडला. मझियान शुक्रवारी घरी असतो, म्हणून त्याला बहिणीकडे पाठवले. तो वाद्य घेऊन, मान खाली घालून गेला. मशिदीच्या भोंग्याचा कंप पोटावर होत असेल, म्हणून मी मागच्या खोलीत बसले आणि कानांत कापूस घातला. खुर्ची बदलली. खिडकी बदलली. पायांतले मोजे बदलले. जेवण तेवढे बदलले नाही, कारण त्याचा निकाल आधीच लागला होता.

साडेचारला कळ आली.

"ताई," हसीबाबाई या वेळी वहीला हातही न लावता म्हणाल्या, "शुक्रवारी घरी करमत नाही का तुम्हाला?"

"मी काय मुद्दाम..."

"पुढच्या वेळी जरा वार बदलून या."

बाहेर बूजमाकाका गाडीला टेकून उभे होते. "काय? नाही?" त्यांनी विचारले. "हरकत नाही. तमिना चांगली असते तुमच्याकडे."

त्या संध्याकाळी तिसरी तमिना खाताना मला उलगडा झाला आणि मी चमचा खाली ठेवला.

आमच्या केंद्रात एक जुना नियम आहे. एखादे ठिकाण आठवड्याच्या ठराविक वारी, ठराविक वेळी हलत असेल, तर तो भूकंप नव्हे; तिथे कोणीतरी दगडाच्या खाणीत सुरुंग लावत आहे. पृथ्वीला वार ठाऊक नसतात. अशा नोंदीपुढे आम्ही "कारण: मानवी" असे लिहितो आणि ती भूकंपांच्या यादीतून काढून टाकतो. माझ्या कळा दर शुक्रवारी, दर वेळी साडेचारला. गर्भालाही वार ठाऊक नसतात. म्हणजे या कळा कळाच नव्हेत!

कोण कुठे सुरुंग लावत आहे हे शोधण्याचे मला त्या वेळी सुचले नाही. यादीतून नोंद काढून टाकण्याचे समाधान मोठे असते.

"मझियान," मी म्हटले, "यापुढे शुक्रवारी काहीही झालं तरी मी घराबाहेर पडणार नाही. मी ओरडले, रडले, गयावया केली, तरी न्यायचं नाही. शपथ घे."

"अगं, पण..."

"शपथ!"

त्याने घेतली. बूजमाकाकांनाही तसे कळवले. त्यांनी गाडीवर कापड टाकले.

चौथा शुक्रवार हा रमजानचा पहिला दिवस होता. घरात मी सोडून सगळ्यांना रोजा. सकाळी कॉफी नाही, दुपारी जेवण नाही, चूल थंड. कॉफीविना मझियान म्हणजे तार उतरलेले वाद्य. हात लावला तर नुसता कण्हतो. अकराच्या सुमाराला माझे पोट घट्ट झाले.

"शुक्रवार," मी म्हटले आणि वहीत लिहिले: साडेपाच तास लवकर.

लल्ला संध्याकाळच्या सुपासाठी कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "कळ आली का गं पोरी?"

"शुक्रवारची आहे."

"आज शुक्रवारचं काही शिजलंच नाहीये."

"लल्ला," मी सौम्यपणे समजावले, "वार स्वयंपाकावर ठरत नाही."

त्यांनी कोथिंबिरीची काडी मोडली आणि पुढची उचलली.

दुपारी मी एकटीने एक अंडे, दोन खजूर आणि वाटीभर दही खाल्ले. दोन वाजता अंतर आठ मिनिटे. चारला पाच. आणि इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे: श्वासाचे तंत्र अप्रतिम चालले! चार आत, सहा बाहेर. नजर चौदा ऑक्टोबरवर. मी त्या दिवशी जितकी शांत होते तितकी लग्नानंतर कधी नव्हते. कळा खोट्या आहेत याची खात्री असली की नैसर्गिक प्रसूतीची सर्व तंत्रे उत्तम काम करतात. नमुना एकाचाच आहे, मान्य. पण निष्कर्ष ठाम आहे.

"नुवारा," मझियान अर्धमेल्या आवाजात म्हणाला, "तू टेबल धरून उभी आहेस."

"आधारासाठी."

"टेबल हलतंय."

"टेबल जुनं आहे!"

"नेऊ या का गं?"

"शपथ घेतली आहेस!"

पाच वाजून पन्नास मिनिटांनी माझ्या पायांखाली पाण्याचे थारोळे झाले. मी त्याकडे पाहिले. वहीत लिहायला पेन उचलले. यापूर्वीच्या कोणत्याही शुक्रवारी असे झालेले नव्हते.

लल्लांनी सुपावर झाकण ठेवले, गॅस बंद केला, डोक्याचा रुमाल आवळून बांधला. ही तिन्ही कामे त्यांनी अजिबात घाई न करता केली. मग त्यांनी अशी हाक मारली की गावातल्या समोरच्या डोंगरावरची शेळी वळली असती.

"मझियान! गाडी!"

"आई, पण तिनं मला शपथ..."

"तुझी शपथ मी फेडते! पळ!"

सहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी रोजा सुटणार होता. पहिल्या रोजाच्या दिवशी, सुटायला तास उरला असताना, अल्जीअर्समध्ये माणसाला जिवंत राहण्याखेरीज दुसरे काही सांगू नये. बूजमाकाका तोंडावर टॉवेल घेऊन पडले होते.

"काका, चला, वेळ आली!" मझियान त्यांच्या दारातून ओरडला.

"आज वार कोणता?" टॉवेलखालून आवाज आला.

"शुक्रवार."

"तूच सांगितलंस ना, शुक्रवारी नेऊ नका म्हणून?"

"आज खरंच आहे काका!"

"मागच्या तिन्ही वेळा काय नाटकाला गेलो होतो?"

लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. तिच्यात आपण लांडगा नसून ओरडणारा मुलगा आहोत, हे जिन्याच्या कठड्याला धरून ऐकताना फार स्पष्ट कळते. तेवढ्यात लल्ला खाली उतरल्या.

"बूजमा! पोरीचं पाणी फुटलंय. गाडी काढतोस, की तुझ्या घरात अंथरूण घालू?"

टॉवेल उडाला. बूजमाकाका चपला न घालता गाडीत बसले.

रस्त्यात अख्खे शहर घरी निघाले होते. प्रत्येकाच्या हातात पाव, प्रत्येकाच्या पोटात आग आणि प्रत्येकाचा हात भोंग्यावर. चढावर आम्ही अडकलो. मागे गाड्या, पुढे गाड्या, मध्ये मी. आता कळ आली ती वेगळीच होती. ती आली नाही. तिने मला उचलले. सहा मोजत सोडायचा श्वास एका दमात बाहेर पडला आणि सोबत आवाज घेऊन पडला.

"एक, दोन, तीन," मझियानने सुरू केले. पाचवर त्याचा ठेका बदलला.

"मोजू नकोस रे!" लल्ला गरजल्या. "पोराला काय पाढे शिकवायचेत?"

"चेंडू! चेंडू कुठंय?"

"तुझ्या हातात आहे!" मी किंचाळले.

"श्वास! नुवारा, श्वास! चार आत..."

या सर्व गोंधळात एक माणूस मात्र मन लावून, अचूक, चार आत आणि सहा बाहेर श्वास घेत होता: बूजमाकाका. पहाटेपासून तंबाखू नाही, समोर हलणारी एकही गाडी नाही. "छान आहे हे," ते म्हणाले. "हलकं वाटतं. आधी का नाही सांगितलंस पोरी?"

आणि मग, रोजा सुटायला बारा मिनिटे असताना, रस्ते रिकामे झाले. भरलेला हंडा कोणी एकदम पालथा करावा तसे! गाड्या गल्ल्यांत शिरल्या, माणसे दारांत शिरली, आणि बूजमाकाकांची म्हातारी गाडी चार लाल दिवे ओलांडत सुटली. आयुष्यभर शिस्तीत बस चालवलेला तो माणूस चौथ्या दिव्याला आनंदाने ओरडला.

सूतिकागृहात हसीबाबाई हातात खजूर घेऊन रोजा सुटल्याच्या बांगेची वाट पाहत उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी डोळे मिटले.

"आजही शुक्रवारच आहे, ताई."

मग त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिले. खजूर मेजावर ठेवला गेला. "आत! लगेच आत! माझ्या मदतीची मुलगी आत्ताच घरी गेली. लल्ला, हात कमी आहेत, तुम्ही चला."

मझियान पुढे सरसावला. त्यांनी त्याच्या छातीवर बोट ठेवले. "पुरुषांनी बाहेर."

"पण मी शिकलोय! मला मोजता येतं! माझ्याकडे चेंडू आहे!"

दार बंद झाले. आठ आठवड्यांची तालीम दाराबाहेर राहिली. दाराला वरच्या बाजूला एक चौकोनी काच होती. तिच्यावर बाहेरून एक कागद चिकटला: चौदा ऑक्टोबर. घाईत त्याने आलेख उलटा धरला होता. सरळ रेघेला त्याने फरक पडत नाही. मी तिच्याकडे पाहिले, आणि ती रेघ मला जरासुद्धा उपयोगी पडली नाही. पण कागदाच्या कडेला त्याची चार बोटे दिसत होती आणि ती काचेवर सहाचा ठेका धरत होती, ते मला फार बरे वाटले.

मग पुढची कळ आली आणि माझ्या डोक्यातली तिन्ही पुस्तके एकदम मिटली. एक आकडा आठवेना. टप्पे, आलेख, तक्ते, निळी शाई, लाल शाई, काही नाही. मी आईसारखी एका खोलीत आडवी होते आणि मला काही कळत नव्हते.

"काय होतंय?" मी ओरडले. "लल्ला, हे काय होतंय?"

लल्लांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला. त्यांच्या हातांना कोथिंबिरीचा वास येत होता.

"डोकं खाली आलंय," त्या म्हणाल्या, दूध उतू जातंय हे सांगावे तितक्या साधेपणाने. "आता जळल्यासारखं होईल. मग थांबेल. थांबलं की दम खा, काही करू नकोस. मग परत. असं दोनदा होईल. फार तर तीनदा. मग झालं."

जळल्यासारखे झाले. मग थांबले. मी दम खाल्ला. मग परत.

तीनदा झाले.

माझी मुलगी रडली आणि शहरभरच्या मशिदींतून रोजा सुटल्याची बांग झाली. आधी काय आणि नंतर काय हे मला सांगता येत नाही. या एका घटनेची अचूक वेळ माझ्या वहीत नाही. हसीबाबाईंचे दोन्ही हात गुंतलेले होते. लल्लांनी मेजावरचा खजूर उचलून त्यांच्या तोंडात घातला, खिशातला एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि माझ्या मुलीकडे बघत शांतपणे चावू लागल्या.

कात्री लागली नाही. इंजेक्शन दिले नाही. द्यायला सवडच नव्हती. आरडाओरड्याबद्दल मी काही म्हणणार नाही. बूजमाकाका गाडी लावायच्या जागेवर होते आणि त्यांनी ऐकले असे ते सांगतात.

सातव्या दिवशी नाव ठेवायचे होते. संध्याकाळी रोजा सुटल्यावर सगळी इमारत जेवायला येणार, म्हणून लल्ला दुपारपासून स्वयंपाकघरात होत्या. मी मुलीला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिले. लल्लांनी शिजलेले चणे एका जाड फडक्यात घातले होते आणि त्या ते फडके चोळत होत्या. साले सुटून वर येत होती. ती त्या मूठमूठ काढून टाकत होत्या. बाजूला भिजवणाचे पाणी ओतून दिलेले होते. सोड्याची डबी उघडी होती. जिऱ्याचा खमंग वास सुटला होता.

शेगडीच्या कडेला माझे छोटे भांडे उकळत होते. त्यावर साबणासारखा करडा फेस आला होता आणि झाकण हळूहळू उचलले जात होते.

"हे कोणासाठी?" मी विचारले.

"तुझ्यासाठी. पुस्तकातले."

"आणि हे फडक्यातले?"

"ते माणसांसाठी."

मी मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतले.

"लल्ला, हे दर शुक्रवारी?"

"दर शुक्रवारी. बाकी दिवशी चणे असतात का आपल्यात?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या शुक्रवारी शंका आली. दुसऱ्या शुक्रवारी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायला गेले होते. तू पान उघडलंस." त्यांनी फडके झटकले. "आणि पोटातल्या वाऱ्यानं कोणी मरत नाही पोरी. म्हटलं, तेवढीच तुला श्वासाची सवय होतेय. शिवाय तुझा एवढा जीव त्या वहीत."

"आणि तिन्ही वेळा तमिना केलीत?"

"मला आवडते तमिना," लल्ला म्हणाल्या.

मुलगी झोपल्यावर मी वही काढली आणि नोंद पूर्ण केली, ती अशी:

शुक्रवारच्या कळा, अनुक्रमांक एक ते तीन. कारण: चणे, सालांसकट, सोडा व जिरे न घालता, भिजवलेल्या पाण्यातच शिजवलेले. प्रकार: मानवी. आधार: पान एक्केचाळीस. आदेश देणारी व्यक्ती: मी.